मिरजेहून बिनभोंग्याची गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, चहा गरम आहे तोवर. पुढं या गोष्टीत नक्की कुठं हसायचं ते मला स्वतःला अजून कळलेलं नाही. आणि गाढव कोण हे शोधत बसू नका, ते मीच. तुमच्यातल्या काहीजणांना उगीच आशा वाटायला नको.

मी सातवीपर्यंत शिकलो, म्हणजे सातवीनं मला सोडलं. माधवनगरच्या एका गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडली तसा सांगलीतल्या एका कॉलेजात शिपाई झालो. तिथं लॅबमध्ये झाडू मारता मारता मला लेझर भेटला आणि मी कामातून गेलो. लग्नानंतर एवढा जीव मी कशावर टाकलेला नाही. हे आमच्या मंडळींना सांगू नका. ती सध्या साताऱ्याला मुलीकडं असते, पण तिला तिथनंही ऐकू येतं.

लेझर म्हणजे गणपतीत डीजेच्या गाडीवरनं हिरवे पट्टे मारतो तो नव्हे. माझा जुन्या जमान्यातला, गॅसचा. लांब काचेची नळी, दोन्ही टोकांना बारके आरसे, आत हेलियम आणि निऑन. वीज सोडली की नळी आतनं कलिंगडाच्या फोडीसारखी उजळते आणि टोकातनं लाल ठिपका निघतो तो सरळ. जाईल तिथवर सरळ. आमच्या घराण्यात एवढं सरळ दुसरं काही निपजलेलं नाही.

वर्षं गेली की आतला हेलियम काचेतनं झिरपून उडून जातो आणि नळी मरते. साहेब लोक ती भंगारात टाकतात. मी ती उचलतो. प्लास्टिकच्या पाइपात नळी घालायची, वाढदिवसाचे फुगे फुगवणाऱ्याकडनं हेलियम आणून पाइपात भरायचा, तोंड बंद करून पाइप कॉटखाली सारायचा. गॅस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं हळूहळू काचेतनं आत येतो. मग काही आठवड्यांनी वीज लावायची. नशीब असेल तर मेलेली नळी डोळा उघडते. नसेल तर शॉक बसतो आणि आपण डोळे मिटतो.

आता असला ठिपका हातात आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल का? गल्लीतली मांजरं भिंतीवर चढवली. सरपंचबाईंचं भाषण चाललेलं असताना मागच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या नाकाला तासभर लाल पुळी आणली. माणसाच्या डोळ्यात कधी मारला नाही, तेवढी अक्कल सातवीपर्यंत देतात. पण गावात कुठं काही विपरीत झालं की लोक न बघताच म्हणायचे, "नाना असंल."

हे सगळं सहन करणारा एकच माणूस, शेजारचा बापू. शाळेपासूनचा जोडीदार. नळी पेटते का बघायला माझ्याबरोबर तोंड उघडं टाकून बसायचा आणि नाही पेटली तर म्हणायचा, "ऱ्हाऊ दे रं, तिचा बी काय मूड असंल."

तर या उन्हाळ्यात बापूच्या फुप्फुसात पाणी झालं. आमच्याकडं माणूस आजारी पडला की तासगाव. तिथं जमलं नाही की मिरज. मिरजेच्या पुढं मग कुठलं गाव लागत नाही. बापूला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टर 'बघू' म्हणाला की आपण काय बघायचं ते ओळखायचं असतं.

बापूची बायको हौसावैनी वॉर्डात त्याच्या उशाशी बसून होती. पोरगा मिलिटरीत, लांब. पण घरी म्हैस व्यायला झाली, म्हणून ती एक रात्र गावाकडं आली. सकाळी मी म्हणालो, "वैनी, आज तुमी थांबा. मी जातो बापूकडं."

तिनं माझ्या पिशवीत डबा घातला. "दुधातली भाकरी हाय भाऊजी, मऊ केलीया. खात्यात का न्हाई तेवढं म्होरं बसून बघा. आन ह्यो चार्जर. काल इसरून माझ्यासंगं आला, त्येंचा फोन बंद पडलाय."

"काळजी करू नका," मी म्हणालो. माझं हे वाक्य ज्यानं ज्यानं ऐकलंय त्यानं पुढं काळजीच केली आहे.

मिरजेला उतरलो. भंगारवाल्याचं दुकान काही हॉस्पिटलच्या वाटेवर नाही. वाटच मी जरा वाकडी केली. म्हटलं, नुसतं डोकावू. आणि मंडळी, तिथं मोडक्या खाटा आणि सलाइनच्या स्टँडांच्या मागं ती आडवी पडली होती. नळी. माणसाएवढी लांब. असली मी जन्मात पाहिली नव्हती. कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेतनं निघालेली असणार. दोन्ही आरसे जागेवर, काचेला एक चरा नाही.

"ये क्या है?" मी तोंडावरची माशी हलू न देता विचारलं.

"ट्यूबलाइट है चाचा, बडेवाली. ले जाव."

माझे हात असे थरथरत होते की त्याला वाटलं मी आजारी आहे. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग ती बाहेर काढणं, पुसणं, तिला फळीवर झोपवणं, यात उन्हं डोक्यावर आली. आता ती न्यायची कशी? एसटीत नेली तर तासगावात नुसता चुरा उतरला असता.

तेवढ्यात चहाच्या गाड्यावर दस्तगीर दिसला. हा आमच्या बाजूला नवीनच आलेला, ॲम्ब्युलन्स चालवतो. पेशंट सोडून रिकामा परत निघाला होता. मी हात जोडले. म्हणाला, "टाका आत. पण आत्ताच्या आत्ता निघायचं नाना, न्हाईतर दुसरा पेशंट गळ्यात पडतोय."

आता इथं तुम्ही विचाराल, बापूचं काय? मीही स्वतःला विचारलं. आणि मीच उत्तर दिलं, बापू काय पळून जातोय, उद्या येतो की. उत्तर देताना मी स्वतःकडं बघितलं नाही.

नळी दोन गोधड्यांत गुंडाळली. वर गाडीतलीच पांढरी चादर. घरंगळू नये म्हणून फळीला तीन जागी बँडेजच्या पट्टीनं आवळून बांधली. दस्तगीर जरा लांब जाऊन बघून आला.

"नाना, ह्ये जरा कसंतरीच दिसतंय."

"दिसू दे. फुटाय नको. आन गाडी बैलगाडीगत चालव. भोंगा वाजवू नको, काचंला हादरा बसतोय." काचेला भोंग्यानं काही होत नाही, पण त्या वेळी मला कुणी शिंकलं तरी चाललं नसतं.

वाटेत लिंबाखाली थांबलो. भाकरी दुधातली, उन्हानं आंबली असती. दस्तगीरनं आणि मी ती संपवली. मग ओला पंचा डोक्यावर घेऊन मी पुढच्या सीटवर मान खाली टाकून झोपलो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या पट्ट्यात शेंबडं पोर विसरत नाही ती. गावाकडनं मिरजेला जाणारी गाडी भोंगा वाजवत जाते. मिरजेहून येणारी गाडी भोंगा न वाजवता, सावकाश आली, की रस्त्याकडेची माणसं उठून उभी राहतात. मग ती आत कोण आहे ते बघतात. आणि त्या दिवशी त्यांना काय दिसलं? आत पांढऱ्यात बांधलेलं, आणि पुढं डोक्यावर पंचा घेऊन मान टाकलेला नाना. सकाळी बापूला बघायला गेलेला नाना.

फाट्यावरच्या चहावाल्यानं गावात फोन लावला. दस्तगीरनं मला नंतर सांगितलं, "लोक टोप्या काढून हात जोडत व्हती. मला वाटलं, रीतभात चांगली हाय हितली. मी बी जोडलं."

मला जाग आली तेव्हा लोकांनी वळवलेली गाडी बापूच्या अंगणात उभी होती, दस्तगीर पाणी प्यायला उतरला होता. चारी बाजूला माणसं. बायकांचा हंबरडा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चितेसाठी शेणी भरून तयार. बापू गेला. मी भंगारात बसलो होतो तेवढ्यात बापू गेला आणि घरी फोन आला.

होय मंडळी, हसा. माझ्यामुळं उठलेल्या बातमीवर विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस मी होतो.

मी उतरलो. हौसावैनीचा भाऊ मारुती शेजारच्या गावातनं आला होता. तो गळ्यात पडला.

"कवा गेला रं?" मी विचारलं.

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. "नाना, तुमीच संगं व्हता न्हवं?"

"मला कुणी कळवलंच न्हाई गड्या."

मारुती मागं वळून हळूच म्हणाला, "धक्का बसलाय म्हाताऱ्याला. पाणी आणा जरा."

ओसरीवर वेगळाच तंटा चालला होता. बापूची चुलती, धोंडूआत्ती, बांगड्या फोडायला दगड घेऊन बसली होती. सरपंचबाईंनी तिचा हात धरला होता. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत असा आमच्या ग्रामसभेनं ठराव केलाय.

"ठराव झालाय आत्ती."

"ठराव तुज्या हापिसात. ह्ये घर हाय."

"मग मी हितंच बसणार."

हौसावैनी भिंतीला टेकली होती. ती मान वर न करता म्हणाली, "गप बसा दोगी. बांगड्या माझ्या हायत." आणि तिनं स्वतःच एक एक बांगडी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि कपाळ पुसलं.

मी ते उभ्यानं पाहिलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांतनं टिपूस आलं नाही.

तेवढ्यात मागं गाडीचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. "उचला रं. डोकं हिकडं घ्या."

आणि मला माझी नळी आठवली. मी धावलो. "हळू! आडवी धरा, वाकवू नका, खालनं हात घाला!"

"बघ, किती जीव हाय," कुणीतरी म्हणालं.

चौघांनी फळी उचलली. पुढचा म्हणाला, "लय हलका झालाय गड्या बापू."

"आजारानं निम्मा केला," मागचा म्हणाला.

मी त्यांच्या पायांत पायांत करत होतो, आणि त्यामुळंच मागच्याचा पाय ओसरीच्या पायरीला अडकला. फळीचं टोक दगडावर आपटलं. आतनं एक बारीक आवाज आला. तो कुणाला कळला नाही, फक्त मला कळला.

मी पायरीवर बसलो आणि रडलो. असा मी माझ्या बापाला रडलो नव्हतो. छाती बडवून घेतली. "संपलं," म्हणालो. "आता काय केलं तरी न्हाई जिवंत व्हायचं." सगळी ओसरी माझ्याबरोबर फुटली. ठरावावरनं भांडणाऱ्या दोघीजणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. धोंडूआत्ती माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली. "रड बाबा, मोकळा हो. त्येला असा जोडीदार मिळाला, भाग्याचा व्हता." हे ऐकून मला आणखीच भडभडून आलं.

"तोंड दाखवा तिला," कुणीतरी म्हणालं.

मारुतीनं बँडेज सोडलं. चादर काढली. एक गोधडी काढली, दुसरी काढली. हौसावैनी नवऱ्याचं तोंड बघायला वाकली. आत काचेचे तुकडे आणि बोटाच्या पेराएवढा एक आरसा. त्यात तिला तिचाच डोळा दिसला.



"ह्ये काय हाय?" मारुतीनं विचारलं.

"लेझर."

"आन दाजी कुटं हायत?"

"मला काय ठावं? तुमाला मिरजंसनं फोन आला न्हवं?"

"कुणाचा फोन? तुमीच घिऊन आलासा न्हवं?"

मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. मारुतीनं माझा सदरा धरला. "चेष्टा कराय मयत घावली व्हय रं तुला?" आणि दोन दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी खोडी काढली नव्हती आणि पहिल्यांदाच मार खाल्ला. आधीच्या सगळ्या खोड्या हिशोबात धरल्या तर कमीच होता, ते सोडा.

"म्हंजी बापू जिता हाय की," सरपंचबाई म्हणाल्या. ओसरीवर एकदम वारा आल्यासारखं झालं. हौसावैनीचा हात पदराच्या गाठीकडं गेला. पण ती हुशार बाई आहे. गाठ सोडता सोडता थांबली.

"भाऊजी, तुमी बघितलं न्हवं आज त्येंना? काय म्हणालं?"

आयुष्यभर मी थापा मारल्या. कोरड्या आडात कासव दाखवलंय मी लोकांना. त्या वेळेला एक थाप जमली नाही.

तिनं माझी पिशवी ओढून घेतली. आत चार्जर वेटोळं करून तसाच. मग डबा उचलला, तो हलका लागला, तसं तिचं तोंड जरा सैल पडलं. "खाल्लं वाटतं त्येंनी."

तेवढ्यावर निभलं असतं. पण दस्तगीर सरळ माणूस. तो मागनं म्हणाला, "भाकरी लय मऊ व्हती वैनी."

तिनं डबा खाली ठेवला. गाठ सोडली नाही.

बघा आता काय झालं. बापू मेला असं सांगणारं कुणी नव्हतं आणि तो जिवंत आहे असं सांगणारंही कुणी नव्हतं. त्याचा फोन बंद. सरपंचबाईंनी वॉर्डाचा नंबर शोधून लावला, तो नुसता वाजत राहिला. ट्रॉलीतल्या शेणी उतरवायला दोघं निघाले, तर एक म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तशाच." त्याच्याकडं कुणी रागानंही बघितलं नाही.

हौसावैनी उठून ॲम्ब्युलन्समध्ये पुढं बसली. "चला," म्हणाली. मी मागं बसलो, नळी ठेवली होती तिथं.

आता दस्तगीरनं भोंगा लावला. फाट्यावरनं जाताना मी काचेतनं बघितलं. तो चहावाला किटली हातात धरून तसाच उभा. मघाशी ज्याला हात जोडले तो माणूस भोंगा वाजवत परत मिरजेला चालला होता.

वॉर्डात गेलो. बापूची खाट रिकामी होती. चादर काढलेली, गादी दुमडून ठेवलेली. हौसावैनीनं खाटेचा लोखंडी गज धरला आणि ती तशीच राहिली. मी भिंतीला धरून खाली बसलो. डोळे तेव्हाही कोरडेच. मला माझीच भीती वाटली.

"सरका की वाटंतनं," मागनं कुणीतरी म्हणालं.

चाकाच्या खुर्चीत बापू. मांडीवर छातीच्या फोटोचं मोठं पाकीट. फोटो काढायला नेलं होतं आणि तोवर चादर बदलायला घेतली होती, एवढंच.

बापूनं बायकोचं कपाळ बघितलं. मनगटं बघितली. दम खात विचारलं, "मी कवा गेलो?"

"दुपारी," ती म्हणाली.

"कुणी आणलं मला?"

"ह्येंनी."

बापू माझ्याकडं वळला. "कुटं ठिवलंस?"

"ओसरीवर."

"पडलो-बिडलो न्हाई न्हवं?"

"पायरीवर आपटलास जरा."

मग हौसावैनीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता गाठ सोडून बांगड्या चढवत होती. दोन चढेनात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं साबण आणून दिला.

बापूला एकच गोष्ट ऐकायची होती. "रडलं कोण कोण?"

"आत्ती रडल्या. मारुती रडला. सरपंचबाई बी."

"आन नाना?"

तिनं मनगटाला साबण लावला. "भाऊजी सगळ्यांत जास्त. पायरीवर बसून."

बापूनं माझा हात हातात घेतला. सुया टोचून सुजलेला, गार हात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा जीव हाय व्हय रं माझ्यावर?"

मी खाली बघत होतो. हौसावैनी साबणाच्या हातानं बांगडी सरकवत म्हणाली, "सांगा की भाऊजी, कशापायी ते."

सांगितलं.

बापूनं हात सोडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सोडला नाही.

"फुटली?"

"दोन तुकडं झालं."

"केवढी व्हती?"

"तुझ्याएवढी."

बापूनं बराच वेळ श्वास गोळा केला. मग बायकोकडं वळून म्हणाला, "हौसा, मी खरा जाईन तवा आधी ह्येच्या म्होरं एक नळी फोड. नुसतं माझ्यावर भागायचं न्हाई."